लस टोचलेला मासा आणि आपले ताट

“तळ्यातल्या माशांना विषाणूची लस टोचतात, ती खाणाऱ्याच्या अंगात उतरते, त्यापेक्षा पाण्यात अँटिबायोटिक टाकलेले बरे,” असा मजकूर बीड-जालन्याकडील शेततळेधारकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. माशांना प्रतिकारशक्तीच नसते आणि एकेक मासा धरून टोचणार कोण, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे.

आधी अँटिबायोटिकचे पाहू, कारण नुकसान तिथेच होते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. माजलगावजवळच्या एका शेततळ्यावर तिलापिया काठाशी मलूल पडलेले मी पाहिले आहेत. डोळे ढगाळलेले, अंगावर लाल चट्टे, आणि मालक गोळ्या कुटून पेंडीत कालवत होता. मर थांबली नाही. तपासणीच न झाल्यामुळे तो विषाणूच होता असे मी म्हणणार नाही. परंतु भारतात 2018 मध्ये नोंदल्या गेलेल्या तिलापिया लेक विषाणूची लक्षणेही अशीच असतात.

आता लस अंगात उतरण्याविषयी. बहुतेक लसींत मारलेला विषाणू किंवा त्याचे एखादे प्रथिन असते. ती मासा लहान असताना दिली जाते आणि विक्रीपर्यंत अनेक महिने जातात. सर्वाधिक भीती डीएनए लसीची, म्हणजे विषाणूच्या एका प्रथिनाची कृती डीएनएच्या रूपात देणाऱ्या लसीची, घातली जाते. अशी लस सामन (सॅल्मन) माशासाठी कॅनडात 2005 मध्ये आणि युरोपीय संघात 2017 मध्ये मंजूर झाली. ती स्नायूत टोचली की तिथल्या पेशी विषाणूचे एक प्रथिन तयार करतात आणि माशाचे शरीर ते ओळखायला शिकते. माशाचा स्वतःचा डीएनए तर आपल्या प्रत्येक घासात असतोच; पिढ्यानपिढ्या रोहूचे कालवण खाऊन कोणाला कल्ले फुटल्याचे ऐकिवात नाही. तेलयुक्त लसींमुळे माशाच्या पोटातील अवयव एकमेकांना चिकटू शकतात, हे मात्र खरे आहे. पण तो त्रास माशाचा, खाणाऱ्याचा नव्हे.

प्रतिकारशक्ती नसते हे तर साफ चूक. मासा प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, तयार करतो, फक्त त्याचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. म्हणून लस लागू पडण्याचा काळ तापमान गुणिले दिवस असा मोजतात. 10 अंशांच्या पाण्यात 40 दिवस लागत असतील, तर याच हिशोबाने 25 अंशांच्या पाण्यात 16 दिवस पुरतात.

टोचणार कोण, हा प्रश्न मात्र रास्त आहे. भूल देऊन प्रत्येक माशाला सुई लावणे महागड्या सामनला परवडते, शेततळ्यात हजारोंनी सोडलेल्या कटल्याच्या बोटुकलीला नाही. म्हणूनच मासे लसीच्या पाण्यात बुडवून किंवा खाद्यातून देता येतील अशा लसींवर संशोधन चालू आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी जलजीवपालन संस्थेने माशांच्या मज्जासंस्थेला होणाऱ्या विषाणूजन्य रोगावर लस विकसित केली आहे, पण ती जिताड्यासारख्या माशांसाठी. नाथसागरातल्या रोहूचा त्या सुईशी संबंध नाही.