वाचनयादी दिली, पण वाचायचं कुठून?

सत्र सुरू व्हायला महिना-दीड महिना उरला की मी एक काम आधी उरकते. वाचनयादी ग्रंथालयात नेऊन देते. पूर्वी असं करत नव्हते. पहिल्या तासाला फळ्यावर पुस्तकांची नावं लिहायची, "ग्रंथालयात आहेत, वाचून या" म्हणायचं आणि विषयाला सुरुवात करायची. प्रती किती आहेत, कोणाकडे आहेत, परत कधी येणार, हे मी कधी विचारलंच नाही.

मग एका वर्षी एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, प्रत एकच आहे. माझा नंबर लागेपर्यंत परीक्षा होऊन जाईल." तक्रारीचा सूरही नव्हता तिचा, म्हणून जास्त लागलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा हिशेब मांडला. वर्गात ६० जण, पुस्तक १४ दिवसांसाठी घरी मिळतं. एकापाठोपाठ एक सगळ्यांनी नेलं तर शेवटच्याचं वाचून होईपर्यंत ८४० दिवस. दोन वर्षांहून जास्त! तेच पुस्तक राखीव काउंटरवर ठेवलं, तिथेच बसून वाचायला दोन-दोन तास दिलं आणि ग्रंथालय रोज दहा तास उघडं असलं, तर दिवसाला पाच जण वाचतात. बारा दिवसांत पूर्ण वर्ग. पुस्तक तेच, प्रतही तीच. मी वेळेवर एक अर्ज भरायला हवा होता, एवढंच.

'राखीव' म्हटलं की कपाटात कुलूपबंद, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. अर्थ अगदी उलटा आहे. ते पुस्तक कोणा एकाच्या घरी अडकू नये, म्हणून ते सगळ्यांसाठी राखून ठेवतात. बऱ्याच ठिकाणी शिक्षकाची स्वतःची प्रतही सत्रापुरती ठेवून घेतात, तात्पुरती नोंद करतात आणि सत्र संपल्यावर परत देतात. मी माझी प्रत पहिल्यांदा दिली तेव्हा जीव थोडा कासावीस झाला. कोपरे दुमडले जातात, कणा सैल होतो. पण समासात मी पेन्सिलने लिहिलेल्या प्रश्नावर एका मुलाने वर्गात मलाच गाठलं. तेव्हापासून प्रत द्यायला मन कचरत नाही.

दोन तासांची ही सोय सगळ्यांना पुरत नाही, हेही सांगायला हवं. दिवसभर नोकरी करून तासाला येणाऱ्या विद्यार्थ्याने काउंटरवर बसायचं कधी? त्याच्यासाठी प्रकरणाची स्कॅन प्रत किंवा ई-बुक हवंच. आणि खरी गुंतागुंत तिथे आहे.

ई-बुक म्हणजे कितीही जणांनी कधीही उघडावं, असा आपला समज. प्रत्यक्षात ग्रंथालय परवाना विकत घेतं. तो एका वेळी एकाच वाचकाचा असू शकतो, तिघांचा असू शकतो, अमर्याद असू शकतो. एका वाचकाचा परवाना असेल तर चर्चेच्या आदल्या रात्री पहिला जो घुसेल त्याचं साधतं, बाकीच्यांना 'सध्या उपलब्ध नाही' अशी पाटी दिसते. परवाना कोणता आहे ते ग्रंथपालांना विचारलं तर लगेच कळतं आणि पैशांची सोय असेल तर वाढवूनही मिळतो, पण आधी सांगितलं तरच. काही क्रमिक पुस्तकांची ई-आवृत्ती प्रकाशक ग्रंथालयांना विकतच नाहीत, फक्त एकेका विद्यार्थ्याला विकतात. हा धक्का सत्राच्या मध्यावर बसण्यापेक्षा महिनाभर आधी बसलेला बरा.

लिंकचंही तसंच. आपण विद्यापीठाच्या नेटवर्कवर बसून लेख उघडतो, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलतो आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. तो पत्ता बऱ्याचदा आपल्या त्या वेळच्या लॉगिनपुरताच असतो. विद्यार्थी घरी उघडतो तेव्हा लेखाऐवजी किंमत समोर येते. ग्रंथालयाने त्या लेखाचे पैसे आधीच भरलेत हे त्याला कुठून कळणार? त्याला वाटतं, मॅडमनी विकत घ्यायला सांगितलंय. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत तो गप्प बसतो, विचारायलाही येत नाही. लेखाची कायमची लिंक किंवा डीओआय (लेखाचा न बदलणारा ओळख क्रमांक) घ्यायचा, ग्रंथालयाच्या लॉगिनमधून जाणारा पत्ता त्यांच्याकडून करून घ्यायचा आणि मोबाइलच्या नेटवर, स्वतः लॉगआउट होऊन, एकदा उघडून बघायचं. मी आता प्रत्येक लिंक अशी तपासते.

"पुस्तकाचं दहा टक्के स्कॅन केलं तर कॉपीराइट कायद्यात चालतं" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं आत्मविश्वासाने सांगत आले. अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या शिक्षकांनी पुस्तकांतले भाग विद्यार्थ्यांना ऑनलाइन दिले, म्हणून २००८ मध्ये तीन प्रकाशकांनी दावा लावला आणि तो २०२० पर्यंत चालला. मधे २०१४ साली अपील न्यायालयाने सांगितलं, की दहा टक्के किंवा एक प्रकरण अशी सरसकट फूटपट्टी लावता येणार नाही, प्रत्येक उतारा वेगळा तपासावा लागेल. दिल्ली विद्यापीठातल्या, पुस्तकांतले भाग एकत्र करून केलेल्या झेरॉक्स संचांचा वाद २०१२ मध्ये कोर्टात गेला. तिथे उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भर दिला तो मजकूर शिकवण्यासाठी गरजेचा आहे का यावर, टक्क्यांवर नाही. दोन देश, दोन कायदे, दोन कसोट्या. म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबण्यापेक्षा आपल्या ग्रंथपालांना विचारावं. हा त्यांचा रोजचा विषय आहे.

आणि स्कॅन करायचंच तर नीट करा, ही कळकळीची विनंती. तिरकं पान, कडेला अंगठा, मधल्या घडीत गिळलेल्या ओळी. आपण डोळे बारीक करून वाचतो, पण दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते पान म्हणजे नुसतं चित्र. एक अक्षरही ऐकू येत नाही. मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर अनेक ग्रंथालयांत असतं, सरळ स्वच्छ पान दिलं तर काम लवकर होतं. दृष्टिहीन वाचकांना सुलभ प्रती करून देता याव्यात यासाठी २०१३ मध्ये माराकेश करार झाला. कायद्याने वाट दिली, तरी ती पीडीएफ तयार करायला कोणीतरी बसावंच लागतं.

"मुलं वाचतच नाहीत, एवढा खटाटोप कशाला?" हे स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतं. मला ते मान्य नाही. एक प्रत, मोडकी लिंक आणि न वाचता येणारी पीडीएफ हातात ठेवून आपण त्यांच्या वाचण्याची परीक्षा कशी घेतो? ग्रंथालयांनीही थोडं पुढे यावं. सहा पानी अर्ज आणि संध्याकाळी लवकर बंद होणारं काउंटर बघून नवा शिक्षक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

यादी करण्याची माझी पद्धतही यातून बदलली. पुस्तकाचं नुसतं नाव न देता आवृत्ती, प्रकरण, पानं आणि कोणत्या आठवड्याला लागणार, हे लिहिते. वाचायलाच हवं ते एकीकडे, आवड असेल तर वाचावं ते दुसरीकडे. अशी फोड केल्यावर लक्षात आलं, की आवश्यक वाटणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या मी केवळ सवयीने ठेवल्या होत्या.

या सत्राची यादी परवा ग्रंथालयात दिली. एक प्रकरण कुठूनच रीतसर मिळेना. ग्रंथपाल ताईंनी मुक्त परवान्याचा एक मजकूर शोधून दिला, बराचसा तोच विषय, कोणालाही उघडता येईल असा. जुनं प्रकरण मी यादीतून काढलं. त्यातला एक मुद्दा मात्र नव्यात नाही. तो तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर समजावून सांगेन.