प्रतिक्रियेला उत्तर: सिनेमाचं तिकीट आणि जातमुचलका

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की न्यायाधीशाने आपलं आयुष्य कोर्टाच्या पायरीवर काढून ठेवावं आणि आत फक्त कायदा न्यावा. 'अनुभवातून न्यायदृष्टी घडते' असं म्हणून मी पक्षपातालाच सोज्वळ नाव देतोय, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. 'गरिबी पाहिलेला न्यायाधीश गरिबांकडे झुकतो' हे वाक्य मी फार सैल हाताने लिहिलं. ते टिकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला १९७३ चा क्रास खटला घ्या. कर्जात बुडालेला बेरोजगार माणूस. दिवाळखोरीच्या अर्जाची फी ५० डॉलर, तीही खिशात नाही. बहुमताचा निकाल फी माफ न करण्याचा; तो लिहिताना न्या. ब्लॅकमन म्हणाले, हप्ते पाडले तर आठवड्याला १.२८ डॉलर पडतात, सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी. न्या. थर्गुड मार्शल यांनी भिन्नमत दिलं. त्यांची वकिलीची कितीतरी वर्षं दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय अशिलांसाठी लढण्यात गेली होती. त्यांचं म्हणणं, इतकी गरीब माणसं सिनेमाला जातातच कुठे? राज्यघटनेच्या अर्थावर मतभेद असू द्यात, पण लोक कसे जगतात याच्या निराधार कल्पनेवर तो अर्थ बेतणं लाजिरवाणं आहे. आता गंमत बघा, ब्लॅकमनही काही श्रीमंताघरचे नव्हते, कामगारवस्तीत वाढलेले होते. तेव्हा गरिबी जवळून पाहिलेला न्यायाधीश गरिबांकडे झुकतोच असं नाही; इथे तुमचा मुद्दा मान्य.

तुमचा उपाय मात्र पटत नाही. '१.२८ डॉलर म्हणजे किरकोळ' हे कुठल्या कलमात लिहिलंय? ब्लॅकमन यांचं आयुष्यही आत आलंच होतं. फक्त ते 'सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट' म्हणून आलं, त्यामुळे दारावर कुणी झडती घेतली नाही.

भारतातलं १९७८ चं मोतीराम प्रकरण बघा. आरोपी गवंडी. जामीन मंजूर झालेला, पण दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याला नाकारलं. का, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय आरोपीच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. ते स्वतः १९४८ मध्ये महिनाभर कोठडीत राहिलेले, पुढे केरळात मंत्री असताना तुरुंग खातं सांभाळलेले. कायदा दोघांपुढे एकच होता. ती जिल्ह्याच्या हद्दीची अट कृष्ण अय्यर यांना खटकली, दंडाधिकाऱ्यांना तिथे काही वावगं दिसलंच नाही.

'आणि अनुभवाने माणूस निर्दय झाला तर?' असंही तुम्ही विचारलंय. होतो की. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. होम्स तिथल्या यादवी युद्धात तीनदा जखमी झाले होते. १९२७ च्या बक विरुद्ध बेल खटल्यात 'मंदबुद्धी' ठरवलेल्या एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता देताना त्यांनी लिहिलं, की देश चांगल्या नागरिकांचे प्राण मागतो, मग अशांकडून हा लहानसा त्याग का मागू नये? त्या ओळीत मला रणांगणावरचा हिशेब ऐकू येतो. हे माझं वाचन, पुरावा नव्हे. निकाल आठ विरुद्ध एक होता आणि होम्सना साथ देणाऱ्या सातांपैकी त्या युद्धात कुणीच नव्हतं, म्हणजे निव्वळ युद्धाच्या अनुभवाने तो निकाल उलगडत नाही.

मूळ लेखातलं ते सैल वाक्य आज बदललंय. 'निव्वळ कायद्याने' दिलेला, तुमच्या मनातला एखादा निकाल असेल तर जरूर सुचवा. वाचतो, मग पुढे भांडू.