पिवळा त्रिकोण, नारिंगी वर्तुळ आणि आपले तीन आक्षेप

सप्रेम नमस्कार.

विजेच्या वस्तूंवरील घातक पदार्थांच्या सूचनांविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले तीन आक्षेप आहेत. कॅलिफोर्नियात, जिथे आपण राहता, पिवळ्या त्रिकोणाची सूचना, म्हणजे येथील रसायनांमुळे कर्करोग किंवा प्रजननाला धोका होऊ शकतो असा इशारा, वाहनतळापासून कॉफीच्या दुकानापर्यंत सर्वत्र लावलेली असते, त्यामुळे तिला काही अर्थ उरलेला नाही. आपल्या लॅपटॉपच्या अडॅप्टरवर युरोपची ‘सीई’ खूण, म्हणजे वस्तू तिथल्या नियमांत बसते असे सांगणारी खूण, आहे आणि त्याच्याच वायरवर शिशाची सूचना आहे, तेव्हा दोहोंपैकी एक खोटी असली पाहिजे. आणि चीनच्या नियमांनुसार विजेच्या वस्तूंवर छापलेल्या नारिंगी वर्तुळातील 10 या आकड्याला मी ‘वापराची अंतिम मुदत’ म्हटले, ते चुकीचे आहे.

तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. चीनमध्ये 1 मार्च 2007 पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्या आकड्याचा अर्थ असा की, नेहमीच्या वापरात इतकी वर्षे वस्तूतील घातक पदार्थ बाहेर झिरपणार नाहीत. वस्तू तितकी वर्षे चालेल किंवा त्यानंतर वापरू नये, असे तो आकडा सांगत नाही. मूळ लेखातील ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घातक पदार्थ कोणत्याच भागात नसतील, तर आकड्याऐवजी हिरव्या वर्तुळात ‘ई’ हे अक्षर असते, हेही त्यात जोडले आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. आपल्या अडॅप्टरवरील दोन्ही खुणा एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. विजेच्या वस्तूंतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा आरओएचएस नियम, ज्याचे पालन आता ‘सीई’ खुणेतच गृहीत असते, वस्तूच्या आत काय आहे ते मोजतो: प्रत्येक एकजिनसी पदार्थात (उदाहरणार्थ, वायरच्या आवरणाच्या प्लॅस्टिकमध्ये) वजनाने शिसे 0.1 टक्क्यापेक्षा आणि कॅडमियम 0.01 टक्क्यापेक्षा जास्त नसावे. कॅलिफोर्नियाचा 1986 मधील कायदा, ज्याला सारे ‘प्रपोझिशन 65’ म्हणतात, वस्तू वापरताना तिच्यातले घातक रसायन किती प्रमाणात माणसाच्या शरीरात जाते ते विचारतो, आणि ते मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सूचना द्यायला लावतो. प्रजननावरील परिणामांच्या दृष्टीने शिशासाठी त्याची मर्यादा दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. कारखान्यातील हवेसाठी ठरलेल्या मर्यादेनुसार कामगाराच्या श्वासावाटे दिवसभरात 500 मायक्रोग्रॅम शिसे आत जाऊ शकते असा हिशोब करून, त्याला सुरक्षेसाठी 1000 ने भागून हा आकडा काढलेला आहे.

आता या दोन मर्यादा शेजारी ठेवून पाहा. वायरच्या आवरणात शिसे बरोबर 0.1 टक्का असेल, तर युरोपच्या दृष्टीने ती वायर नियमात बसते. पण त्या आवरणाच्या एका ग्रॅममध्ये 1000 मायक्रोग्रॅम शिसे असते, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या एका दिवसाच्या मर्यादेच्या 2000 पट. ते सगळे हाताला लागत नाही, हे उघड आहे. परंतु वायर रोज गुंडाळणाऱ्याच्या बोटांना त्यातला अगदी अल्पसा अंश लागला आणि जेवताना तो तोंडात गेला, तरी मर्यादा ओलांडली जाऊ शकते. रांगते मूल वायर थेट तोंडात घालते, त्याचा विचार तर वेगळाच करावा लागेल.

वायरच्या आवरणात शिसे मुळात येते कसे, हेही सांगायला हवे, कारण लेखात ते राहून गेले होते. पीव्हीसी, म्हणजे आवरणाचे प्लॅस्टिक, तापवून तारेवर चढवताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि प्लॅस्टिक खराब होऊ लागते. ते थोपवण्यासाठी प्लॅस्टिकच्या मिश्रणात स्टॅबिलायझर घालतात. शिशाची संयुगे हे काम उत्तम करतात, स्वस्त पडतात आणि विद्युतरोधनही बिघडू देत नाहीत, म्हणून ती दशकानुदशके वापरली गेली. कॅल्शियम-झिंकचे पर्याय उपलब्ध आहेत. वायर मऊ राहावी म्हणून घातले जाणारे डीईएचपी हे थॅलेट वर्गातील रसायनही कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील घातक रसायनांच्या यादीत आहे, आणि युरोपने ते बहुतेक विद्युत उपकरणांसाठी 22 जुलै 2019 पासून मर्यादित केले.

आपल्या पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी मूळ लेखातच मान्य करायला हवे होते. शरीरात जाणारे प्रमाण मर्यादेखाली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवसायावर असते, चाचण्यांना खर्च येतो, दंड दिवसाला 2500 डॉलरपर्यंत होऊ शकतो आणि कोणीही खासगी व्यक्ती 60 दिवसांची नोटीस देऊन दावा लावू शकते. अशा स्थितीत चाचणी न करताच सूचना चिकटवणे उत्पादकाला सोपे वाटते. तरीही ही व्यवस्था जागची हललेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. आपण उल्लेखिलेल्या कॉफीला 2019 मध्येच या सूचनेतून वगळण्यात आले. 1 जानेवारी 2025 पासूनच्या नव्या नियमाप्रमाणे संक्षिप्त सूचनेतही (लेबलवरील थोडक्या शब्दांच्या सूचनेतही) किमान एका रसायनाचे नाव लिहावे लागते, मात्र त्यासाठी उत्पादकांना तीन वर्षांची मुदत आहे. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कर्करोग होऊ शकतो’ एवढेच वाचून माणूस घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो, पण ‘शिसे’ हा शब्द वाचला की काय करायचे ते त्याला ठरवता येते.

भारतातील वाचकांना याचा काय उपयोग, असेही आपण जाता जाता विचारले आहे. ई-कचऱ्याच्या आपल्या नियमांत शिसे, पारा, कॅडमियम यांसह सहा पदार्थांवर युरोपप्रमाणेच टक्केवारीच्या मर्यादा आहेत आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांतही त्या कायम आहेत. मात्र येथे त्या पालनाची माहिती उत्पादनासोबतच्या पुस्तिकेत मिळते, म्हणजे खोके घरी आणून उघडल्यावर. कॅलिफोर्नियात संकेतस्थळावरून विक्री करतानाही सूचना खरेदीपूर्वी दाखवावी लागते. माझा सारा आग्रह या ‘पूर्वी’साठी आहे.

आपल्या अडॅप्टरविषयी विचारलेत म्हणून सांगतो: तो टाकून देण्याचे कारण नाही. वायर हाताळल्यावर, विशेषतः जेवणापूर्वी, हात साबणाने धुवावेत. लहान मुलाच्या हाती ती लागू देऊ नये. आणि आवरण चिकट झाले किंवा त्याला भेगा पडल्या, तर वायर बदलून जुनी ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. भंगारात गेली, तर तांब्यासाठी ती जाळली जाण्याची शक्यता असते, आणि जाळणाऱ्याच्या हाती ती पोहोचते तेव्हा सूचनेचे लेबल तिच्यावर राहिलेले नसते.