पन्नास मिनिटांचं अंतर

नेटवर दोन शहरांची नावं टाकली की लगेच उत्तर हजर, विमानाने अंतर ७०० किलोमीटर, वेळ ५० मिनिटं. ही ५० मिनिटं काढणाऱ्याला एकदा विमानात शेजारी बसवायचंय मला. अंतर भागिले वेग, विषय संपला! म्हणजे विमान उभ्या जागेवरून एकदम ताशी साडेआठशेने सुटणार आणि त्याच स्पीडने पलीकडच्या शहरात घुसणार. मग रनवेपर्यंत रांगत जाणं, पुढच्या चार विमानांची लाईन, उतरायला परवानगी मिळेपर्यंत शहरावर घिरट्या, हे सगळं काय आपण हौस म्हणून करतो?

तिकिटावरची वेळ त्यातल्या त्यात खरी, कारण ती विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडे पार्क होईपर्यंत धरतात. पण तीही कंपन्या जरा सैल ठेवतात, वर १५ मिनिटांच्या आतला उशीर बऱ्याच ठिकाणी उशीर म्हणून मोजतच नाहीत. आम्हाला शाळेत अशी सवलत कुणी दिली नाही.

बरं अंतर तरी सरळ असावं, तर तेही नाही. लांबच्या फ्लाईटमध्ये समोरच्या स्क्रीनवर विमान कमान करून उत्तरेकडे चाललेलं बघून शेजारचे काका कासावीस.

"हा वर कुठे चाललाय?"

"काका, पृथ्वी गोल आहे ना, तोच जवळचा रस्ता."

"गोल आहे ते माहितीये मला, पण याला सरळ जायला काय होतंय?"

त्यात वारा. लंडन ते न्यूयॉर्क अंतर दोन्हीकडून तेच, साधारण साडेपाच हजार किलोमीटर, पण जाताना जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा तोंडावर येतो आणि येताना तोच पाठीत ढकलतो, त्यामुळे येताना तासभर तरी सहज वाचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळामुळे एक जंबो जेट न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये विमान जेमतेम पावणेतीन किलोमीटर जातं, दोन मिनिटांच्या आत. तिथेही कुणीतरी बसल्याबसल्या सीट मागे करत असणार, माझी खात्री आहे.

माझ्या वाट्याला मात्र पाठीत ढकलणारा वारा कधी येत नाही. एकदाच आला. पायलटने सांगितलं, आपण २० मिनिटं लवकर पोचलोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पट्टे सुटल्याचे खटाखट आवाज, मी खिडकीपाशी वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून उभा, कुणाच्या तरी लॅपटॉप बॅगेचा बंद कानात, घरून मेसेज "उतरलास का", आता उतरलो म्हणू की नाही? तेवढ्यात पुन्हा पायलट, आपल्या जागेवर अजून दुसरं विमान उभं आहे, थोडं थांबावं लागेल, कृपया बसून घ्या. सगळे बसले. काका तोवर बॅग घेऊन पार दारापाशी पोचलेले, एअर होस्टेसने त्यांना हाताला धरून परत आणलं.