पांढरा कावळा आणि आमचे अण्णा

भर दुपारी सव्वाबाराला डोंबिवलीत पांढरा कावळा बघितला असं कोणाला सांगून बघा, समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि मग हळूच विचारतो, "दुपारीच?" मी त्या दिवशी ताक सोडून काही घेतलं नव्हतं हो.

झालं असं की पितृपक्ष चालू होता आणि त्या दिवशी अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची तिथी. आईने सगळा साग्रसंगीत स्वयंपाक केलेला, खीर, वडे, गवार, कढी, आमसुलाची चटणी, आणि कावळ्याचं पान ठेवायचं काम माझ्याकडे. आमच्या बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, तिला मी कात्रीने एक छोटी खिडकी पाडलीय, त्यातून हात घालून एसीच्या बाहेरच्या डब्यावर पान ठेवायचं आणि "काव काव" ओरडायचं. एरवी वडापावच्या गाडीवर शंभर कावळे असतात, पण पितृपक्षात त्यांचा भाव वधारतो. अर्धा तास ओरडून माझाच आवाज कावळ्यासारखा झाला आणि तेवढ्यात तो आला.

पांढरा म्हणजे दुधासारखा नाही, चार वर्षं धुतलेल्या बनियनसारखा पांढरा. गावकावळ्याची मान राखाडी असते ना, तिथे याची फिकट चहाच्या रंगाची, चोच पिवळट, पाय गुलाबीसर, आणि पंखांची टोकं तर शेगडी पुसायच्या फडक्यासारखी विरलेली. मी बगळा समजून हाकलणार तोच तो "काव" म्हणाला. अगदी शुद्ध डोंबिवली काव.

फोन काढला, झूम केला, तर फोनने शहाण्यासारखा कबुतराच्या जाळीवर फोकस केला. जाळीची एकेक गाठ मोजून घ्यावी इतकी क्लिअर आणि मागे एक पांढरा ठिपका. तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मामा म्हणाले कबुतर आहे, पुण्याची आत्या म्हणाली जाळी छान आहे केवढ्याला बसवली, आणि एका चुलतभावाने नुसतेच हात जोडले, ते अण्णांना की माझ्या बुद्धीला ते अजून कळलेलं नाही.

आई मात्र गॅलरीत येऊन एकदाच बघून म्हणाली, "अण्णाच आहेत." आता अण्णांनी जन्मभर पांढरं धोतर आणि पांढरा सदरा सोडून काही घातलं नाही हे खरं. त्यात या कावळ्याने वडा उचलला आणि गवारीला चोचसुद्धा लावली नाही. "बघ, गवार कधी खाल्ली का त्यांनी?" मी काय बोलणार. तेवढ्यात दोन काळे कावळे आले आणि त्याला टोचून टोचून हाकलायला लागले, तर आई म्हणे, "यांचं सोसायटीत कधी कोणाशी पटलं नाही."

मग ऑफिसातल्या पक्षीवाल्या मित्राला फोन केला. हा माणूस दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो तेव्हा दाढीसुद्धा करत नाही. त्याने फोटो मागितला नाही, अभिनंदन केलं नाही, एकच विचारलं, "डोळा बघितलास?"

डोळा! म्हणजे बघा, पिसांना काळा रंग येतो तो मेलॅनिनमुळे. ते अजिबातच तयार होत नसेल तर पक्षी अल्बिनो, त्याचा डोळासुद्धा लालसर गुलाबी, नजर अधू, त्यामुळे असे पक्षी मोठे होईपर्यंत क्वचितच टिकतात. डोळा काळा असेल तर मामला वेगळा, रंग पिसांत उतरत नाही पण डोळ्यात राहतो, त्याला ल्युसिझम म्हणतात त्यातला किंवा त्याच्या भावकीतला. आणि पिसं विरलेली का, तर मेलॅनिनने पिसाला मजबुतीही येते, पांढरं पीस लवकर झिजतं. वर हा म्हणतो की काही पक्षी वयाबरोबर पांढरे होत जातात आणि शहरी कावळ्यांना अरबट चरबट खाऊनही पांढरी पिसं येतात. मी नकळत डोक्यावरून हात फिरवला. वडापाव मीही कॉलेजपासून खातोय.

तर आता डोळा बघायचा. शेजाऱ्यांच्या मुलाकडून दुर्बीण आणली आणि तीन दिवस वर्क फ्रॉम होम सांगून बाल्कनीत बसलो. कावळा समोरच्या बिल्डिंगच्या छज्जावर बसायचा. त्या छज्जाखाली कोणाची बेडरूम आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, ते दुसऱ्या दिवशी तिथल्या काकूंनी पडदा ज्या आवाजात ओढला त्यावरून कळलं. संध्याकाळी सोसायटीतले दोन ज्येष्ठ सदस्य चहाला आले. मी म्हटलं, "काका, पांढरा कावळा बघतोय." ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "हो का." बायको आतून म्हणाली, "अहो निदान घारीचं तरी नाव सांगायचंत."

तिसऱ्या दिवशी मी दुर्बीण ठेवून दिली, डोकं दुखायला लागलेलं. नुसताच ग्लासात ताक घेऊन उभा होतो तर हा पठ्ठ्या स्वतःहून एसीच्या डब्यावर येऊन बसला, माझ्यापासून दीड हातावर. मान तिरकी केली आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. काळाभोर, ओला, चकचकीत डोळा, त्यात जाळीसकट मी दिसत होतो. फोन आत चार्जिंगला.

मी ओरडतच स्वयंपाकघरात गेलो, "आई, डोळा काळा आहे! स्वच्छ! अल्बिनो नाहीये तो!"

आईने कुकरची शिट्टी होऊ दिली, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "स्वच्छ असणारच की. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं नव्हतं का आपण त्यांचं?"