फॉरमॅट मारला की सगळे साफ होते, हा दावा खरा नाही

यवतमाळ, वाशीम, अमरावती या भागांतल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर संगणकाविषयीचा एक संदेश सध्या पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. घरच्या संगणकावर गूगलऐवजी भलतेच पान उघडू लागले किंवा जाहिराती येऊ लागल्या, तर तो व्हायरस समजावा आणि क्रोम काढून पुन्हा टाकावे. विंडोजचे स्वतःचे संरक्षण कामाचे नसते, म्हणून ते व अपडेट बंद करून एखादा फुकट क्लीनर उतरवून घ्यावा. तरीही भागले नाही तर फॉरमॅट मारावा, म्हणजे सगळे साफ होते. शेवटी, शेतकऱ्याच्या घरच्या संगणकात चोरण्यासारखे काही नसते, तेव्हा हेरगिरीची काळजी करू नये. मी तालुक्याच्या गावी संगणक शिकवतो आणि ओळखीच्या घरांतले संगणक दुरुस्तही करतो. या सल्ल्यावर विसंबून लोकांचे कागद जाताना मी पाहिले आहेत, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान, म्हणजे ‘जाहिराती आल्या की व्हायरस’, हेच मुळात सगळ्या गोंधळाचे कारण आहे. “भाऊ, गूगल उघडलं का दुसरंच पान येऊन राह्यलं,” या एका तक्रारीमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघींचा उपाय वेगळा आहे. ब्राउझर हायजॅकर हा असा प्रोग्राम किंवा असे एक्स्टेन्शन (क्रोमसारख्या ब्राउझरला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम) असते, जे आपले होमपेज, शोधयंत्र आणि नव्या टॅबचे पान बदलून टाकते. आपण काहीही शोधले की ते त्याच्या मालकाच्या पानावरून जावे आणि त्याला जाहिरातीचे पैसे मिळावेत, एवढाच बहुधा त्याचा धंदा असतो. तो दिसतो, त्रास देतो, पण सहसा आपल्या फाइलींना हात लावत नाही. स्पायवेअरचे याच्या अगदी उलट असते. त्याला दिसायचेच नसते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणे, कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणे आणि ते बाहेर पाठवणे हे काम ते गुपचूप करत राहते, त्यामुळे ज्या संगणकावर एकही जाहिरात येत नाही तोही स्वच्छ असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट तर प्रोग्रामच नसते. पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधणारा मुलगा एखाद्या संकेतस्थळावर जातो, तिथे ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे लिहिलेले असते आणि तो दाबतो. त्या एका दाबाने त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळते. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशा पाट्या दिवसभर येत राहतात, आणि घाबरलेले घर संगणक उचलून दुकानात नेते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असे जाऊन ते अनोळखी नाव यादीतून काढले की हा त्रास तिथेच थांबतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच मोठ्या संख्येने असते. यासाठी फॉरमॅट मारणारे दुकान गिऱ्हाइकाचे नुकसान करते, हे मी स्पष्टपणे म्हणतो. अशाच एखाद्या पाटीवर दूरध्वनी क्रमांक दिलेला असेल, तर त्यावर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत असा क्रमांक कधीच नसतो.

हायजॅकर येतो कसा, हेही संदेशात नाही. तो बहुतेक वेळा आपणच आणलेल्या फुकट सॉफ्टवेअरच्या पोटातून येतो, आणि बसवताना आपण न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेलो की आत शिरतो. ही युक्ती केवळ अंधाऱ्या कोपऱ्यातल्या लोकांची नाही. जावा हे सॉफ्टवेअर बसवताना आस्क कंपनीचा टूलबार, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या भागात बसणारी जादा पट्टी, कित्येक वर्षे सोबत दिला जात होता. लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम येत होता आणि तो सुरक्षित जोडणीतही हस्तक्षेप करत होता, हे फेब्रुवारी 2015 मध्ये उघड झाले.

आता क्रोम काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला. क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही काढा’ या चौकटीत खूण केली नाही, तर आपली सारी प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शने, विंडोजच्या अ‍ॅप-डेटा फोल्डरमध्ये तशीच राहते आणि नवे क्रोम आल्याबरोबर तीच उचलते. खूण केली तरी, गूगल खात्यात पुन्हा प्रवेश करताच सिंकमुळे, म्हणजे खात्यात जपलेली प्रत परत उतरत असल्यामुळे, जुनी एक्स्टेन्शने परत येतात, त्यात नको असलेलेही येते. वरून छाटलेली हराळी पहिल्या पावसाला फुटावी, तसा हा प्रकार आहे. मुळे बहुधा ब्राउझरच्या बाहेर असतात.

ती मुळे कुठे पाहावीत, हे एका उदाहरणाने सांगतो. दारव्हा तालुक्यातल्या एका घरी डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडले, तेव्हा ‘टार्गेट’च्या रकान्यात क्रोमच्या फाइलच्या नावानंतर एक जागा सोडून एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला होता. सेटिंग्जमध्ये होमपेज कितीही वेळा बदलले, तरी त्या चिन्हावरून क्रोम उघडले की तेच पान येणार, हे उघड होते. ते चिन्ह पुसून नवे केले. मग क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत अगदी खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसली. ही ओळ बँकेच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर दिसणे स्वाभाविक आहे, पण शेतकऱ्याच्या घरी कोणती संस्था? काही अँटिव्हायरसमुळेही ती दिसते, म्हणून घाई करू नये. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘क्रोम://पॉलिसी’ असे लिहून पाहिले, तर एक एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्याचा नियम तिथे नोंदवलेला होता, आणि म्हणूनच ते काढण्याचे बटण चालत नव्हते. हा नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, असतो, त्यामुळे तो काढल्याशिवाय क्रोम कितीही वेळा बसवा, ते एक्स्टेन्शन परत येणारच.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी विंडोजच्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’च्या यादीला तारखेनुसार लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्राम काढावेत. मग टास्क मॅनेजरमधले स्टार्टअप आणि टास्क शेड्यूलर पाहावे, कारण काढलेला प्रोग्राम पुन्हा उतरवून घेणारे काम तिथे ठरावीक वेळेला लावलेले असू शकते. त्यानंतर अ‍ॅडव्हक्लीनर हे मोफत साधन चालवावे. ते 2016 पासून मालवेअरबाइट्सच्या मालकीचे आहे आणि हायजॅकर, टूलबार व असे लादलेले नियम शोधणे हेच त्याचे काम आहे, मात्र ते त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे. ब्राउझर ‘रिसेट’ करणे हे सर्वांत शेवटी. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शने बंद होतात, कुकीसारखा तात्पुरता डेटा पुसला जातो आणि होमपेज व शोधयंत्र मूळ जागी येतात.

विंडोजचे संरक्षण बंद करण्याचा सल्ला मला या संदेशातला सर्वांत घातक भाग वाटतो. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर विंडोज 10 आणि 11 मध्ये आधीपासून असतो, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. त्यात ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ नावाची सोय आहे, ती नेमकी अशा लादलेल्या प्रोग्रामांसाठीच आहे. विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जाऊन ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. विंडोज चालू असताना लपून राहणाऱ्या प्रोग्रामांसाठी डिफेंडरची ऑफलाइन तपासणी आहे. तिच्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सुमारे 15 मिनिटांत काम आटोपते. मग लोक डिफेंडर बंद का करतात? कारण तो विंडोजचा किंवा ऑफिसचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवण्याची चोरवाट, पकडतो. पण तो उगाच पकडत नाही. डिसेंबर 2021 मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की केएमएसपिको या नावाने पसरवल्या जाणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत क्रिप्टबॉट हे पासवर्ड चोरणारे स्पायवेअर येत होते. अशा फाइली बसवण्याच्या सूचनांमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे लिहिलेले असते, आणि आपला संदेशही तेच सांगतो.

फुकट क्लीनरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जाहिरातीतून आलेला क्लीनर हाच कित्येकदा नवा हायजॅकर असतो. मोफत साधनच हवे असेल, तर भारत सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर ती दिलेली आहेत. अपडेटबद्दल एवढेच, की विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर घरगुती संगणकाला ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. गावातले बरेचसे जुने संगणक विंडोज 11 घेऊ शकत नाहीत, त्यामुळे ही नोंदणी त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे.

फॉरमॅटने सगळे साफ होते का? काही वेळा फॉरमॅट खरोखरच योग्य असतो: डिफेंडर सुरूच होऊ देत नसेल, कोणी दुरून संगणक चालवत असल्याची लक्षणे असतील, किंवा वरच्यासारखा पासवर्डचोर सापडला असेल, तर मीही तेच सांगेन. पण आपल्याकडे फॉरमॅट म्हणजे फक्त सी ड्राइव्ह पुसणे. ज्या सेटअप फाइलीतून रोग आला ती डी ड्राइव्हमध्ये किंवा पेन ड्राइव्हमध्ये तशीच असते, आणि आठवडाभरात कोणीतरी ती पुन्हा उघडते. शिवाय पुष्कळ दुकानांत नवे विंडोज क्रॅकसकटच टाकले जाते, म्हणजे ज्या दारातून चोर आला तेच दार नव्याने बसवले जाते. हे टाळता येते. विंडोज 8 नंतर विंडोजसकट विकल्या गेलेल्या लॅपटॉपची परवाना-चावी त्याच्या मदरबोर्डमध्येच (आतल्या मुख्य पाटीत) असते, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर मूळ विंडोज घेऊन तीच आवृत्ती बसवली, तर ते इंटरनेटला जोडताच आपोआप अधिकृत होते. हा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार करावा. आणि वीज जाण्याच्या वेळेत हे काम सुरू करू नये, कारण अर्ध्यावर बंद पडलेल्या डेस्कटॉपवर बहुधा विंडोज सुरू होत नाही.

त्याआधी कागद वाचवावेत. एका घरी मुलीचे जातवैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद आणि आजोबांचे फोटो सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर होते, आणि दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारला. प्रमाणपत्राची दुसरी प्रत तालुक्याला खेटे घालून मिळाली, फोटो गेले ते गेलेच. त्या संगणकाचा त्रास काय होता, हे घरच्यांनी सांगितले तेव्हा माझी खात्री झाली की तो सूचनांच्या परवानगीचा होता.

शेवटचे विधान, ‘आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे’, हे चोराला आपण कोण आहोत हे कळते असे गृहीत धरते. प्रत्यक्षात असे प्रोग्राम कोणालाही निवडून येत नाहीत. 2017 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाच्या हायजॅकरची माहिती दिली, तेव्हा तिच्या अंदाजाने एकट्या भारतातले अडीच कोटींहून अधिक संगणक त्याच्या कचाट्यात होते. मायक्रोसॉफ्टने तो जागतिक अंदाज फुगवलेला असल्याचे म्हटले, पण भारतातले सामान्य संगणक लक्ष्य होते यावर वाद नव्हता. आणि शेतकऱ्याच्या संगणकात काय नसते? पीकविम्याचा अर्ज, आधार आणि बँक पासबुकाचे स्कॅन, महाडीबीटीचा पासवर्ड, ज्या जीमेलवर बँकेचे निरोप येतात ते खाते, हे सगळे एकाच ब्राउझरमध्ये साठवलेले असते.

फॉरमॅट इथे काहीच करू शकत नाही, कारण गेलेला पासवर्ड संगणक पुसल्याने परत येत नाही. स्पायवेअरचा संशय असेल, तर त्या संगणकाचे इंटरनेट आधी काढावे आणि दुसऱ्या स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदलावेत. पहिल्यांदा जीमेलचा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात, मग बँकेचा, मग बाकीचे. गूगल खात्याच्या ‘युअर डिव्हायसेस’ यादीतून अनोळखी यंत्रे बाहेर काढावीत, कारण चोरलेल्या कुकीने (आपण आत आहोत याची ब्राउझरने ठेवलेली खूण) पासवर्ड न विचारताही आत शिरता येते, आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आणखी एक खात्री, सुरू करावी. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर कळवावे, त्याच वेळी बँकेलाही सांगावे, आणि तोवर संगणकावर फॉरमॅट मारू नये, कारण तक्रारीसाठी लागणारा पुरावा त्यातच असतो.