चहा नको म्हटलं तेव्हा

शनिवारी संध्याकाळी पापडीच्या तळ्याजवळ आमचा नेहमीचा कट्टा भरला होता. मी, मास्तर (शाळेत गणित शिकवतो), शेठ (किराणा दुकान) आणि आमचा रिक्षावाला दोस्त. माझ्याकडे एक पिशवी होती, तांदूळ, तूरडाळ, तेल, दोन साबण आणि सातवीचं एक गाईड. शेठने विचारलं हे काय, म्हटलं उद्या मिस्सानंतर (चर्चमधली रविवारची उपासना) व्हिजिट आहे, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची, म्हणजे गरजू घरांना भेटायला जाणारा आमचा चर्चचा गट. झालं, तिथून जे सुरू झालं ते टपरी बंद होईपर्यंत चाललं.

शेठ म्हणाला, अरे द्यायचंच तर शंभर किट एकदम वाट ना, मी होलसेल रेटने काढून देतो, दोन जण जाऊन एकाच घरात तासभर बसता आणि परत पुढच्या आठवड्याला तिथेच, त्याने काय होतं?

मी त्याला शातियोंची गोष्ट सांगितली. १६१७ साल, फ्रान्समधलं शातियों नावाचं छोटं गाव, विन्सेंट डी पॉल तिथले फादर. मिस्साच्या आधी निरोप आला की एका घरात सगळेच आजारी पडलेत, बघायला कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं आणि दुपारी स्वतः निघाले तर रस्त्यावर बायकांची रांगच, प्रत्येकीच्या हातात काहीतरी खायचं. आता एवढं सगळं एका दिवशी आलं तर अर्धं नासणार आणि चार दिवसांनी ते घर परत उपाशी. म्हणून त्यांनी बायकांचा गट केला आणि पाळ्या लावल्या, आज हिने जायचं, उद्या तिने. शेठ, तुझे शंभर किट म्हणजे ती पहिल्या दिवसाची रांग आहे, मला पाळी महत्त्वाची वाटते.

शेठ गप्प झाला पण मास्तर पेटला. तो म्हणाला, तुमचं जाणंच मला पटत नाही. १९८२ च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी तिसरीत होतो, कुठल्यातरी ट्रस्टच्या बाई घरी आल्या, खरंच गरज आहे का बघायला, आणि त्यांनी आईला न विचारता तांदळाचा डबा उघडून आत बघितलं. तळाला मूठभर होता तांदूळ. आई काही बोलली नाही, पण नंतर तो डबा तिने फळीवरून काढून माळ्यावर टाकला तो परत खाली आणलाच नाही. मदत मिळाली रे आम्हाला, पण मला आठवतो तो डबा.

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही. पण माझी स्वतःची चूक मी त्यांना सांगितली. दोन वर्षांपूर्वी मी नवीन होतो, माझ्याबरोबर एक मावशी असायच्या, सत्तरीच्या, आम्ही नेहमी दोघं दोघं जातो. नालासोपाऱ्याला एका चाळीत एक बाई, नवरा वारलेला, दोन मुलं, आम्ही बसलो तशी ती चहा ठेवायला उठली. मी म्हटलं नको नको, कशाला त्रास. मला वाटलं तिचं दूध वाचवतोय. खाली उतरल्यावर मावशी जिन्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, आपण तिला पिशवी दिली ती तिने घेतली, तिने चहा देऊ केला तो तू घेतला नाहीस, आता पुढच्या वेळी ती आपल्यासमोर बसेल कशी? मला इतकी लाज वाटली. पुढच्या रविवारी मी दोन कप प्यायलो. त्या दिवशी पहिल्यांदा ती बोलली, की मोठ्या मुलाने शाळा सोडायचं ठरवलंय, वर्षभर असंच त्याचं चाललंय. हे किट वाटून कसं कळलं असतं? ते गाईड त्याच्या धाकट्या बहिणीचं आहे. मोठा परत जातोय शाळेत, अधूनमधून दांड्या मारतो पण जातोय.

मास्तर म्हणाला, मावशी बरोबर होत्या, पण सगळ्यांना अशा मावशी कुठून मिळणार? मुद्दा आहे. पुढे पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी विन्सेंटच्या नावाने ही सोसायटी सुरू केली तेव्हासुद्धा त्यांना शिकवायला सिस्टर रोझाली नावाच्या नन होत्या, कुठल्या घरी जायचं आणि तिथे कसं वागायचं हे त्यांच्याकडूनच ती पोरं शिकली. पोरंच होती, ओझानाम बरोब्बर वीस वर्षांचा, २३ एप्रिल १८३३ ला पहिली मीटिंग आणि त्याच दिवशी त्याचा वाढदिवस. त्याआधी ते सगळे 'कॉन्फरन्स' नावाच्या वादविवादाच्या मंडळात भांडायचे, तिथे विरोधकांनी विचारलं की तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आज तुम्ही काय करता दाखवा. आमच्या गटाला अजून कॉन्फरन्स म्हणतात ते त्या मंडळावरूनच. रिक्षावाला म्हणाला, म्हणजे कट्टाच की.

मग त्यानेच सरळ विचारलं, फक्त चर्चवाल्यांना देता का, का धर्म बदलायला लावता, लोक बोलतात म्हणून विचारतो. मला आवडलं की त्याने तोंडावर विचारलं. आमच्याकडे आत्ता पाच घरं आहेत, दोन ख्रिस्ती नाहीत, ही चाळीतली बाई त्यातलीच. तिच्या देव्हाऱ्यासमोरच आम्ही बसतो. आमची प्रार्थना आमच्या मीटिंगमध्ये होते, तिच्या घरी नाही. पैसे म्हणशील तर मीटिंगमध्ये पिशवी फिरते, हात आत घालून प्रत्येकाने टाकायचं, कोणी किती टाकले कोणाला कळत नाही. या घरांना काही जण दत्तक कुटुंब म्हणतात तो शब्द मात्र मला नाही आवडत, चाळिशीच्या बाईला कोण दत्तक घेणार?

मास्तर परत आला मूळ मुद्द्यावर, हे काम सरकारचं आहे, तुम्ही गेलात की सरकार सुटतं. मी म्हटलं सरकारकडेच नेतोय रे तिला. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिना १५०० मिळतात, पण उत्पन्नाची अट आहे वर्षाला २१,००० च्या आत. शेठने तिथेच बोटांवर हिशोब केला, म्हणजे महिन्याला १७५०! चार घरची भांडी घासली तरी त्याच्या वर जातं! तेच तर. तिचं मध्ये आजारपणात काम सुटलं म्हणून आत्ता बसतंय. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, एकेका कागदाला चकरा, आणि एकटी बाई खिडकीवर गेली की उद्या या, बरोबर कोणी असलं की बसा. मास्तर म्हणाला हे ऐकून मला अजून राग येतो. येऊ दे, मलाही येतो.

आता अडलंय एका गोष्टीवर. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक आणि आधारवर दुसरं, वडिलांच्या नावात एक काना कमी. मी मोबाईलवर दोन्ही फोटो काढून नेमके तेच विचारायला आलो होतो, ते राहिलंच बाजूला. मास्तरने चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, अजून मला तुमचं घरात जाणं पटलेलं नाही हां, पण हे प्रतिज्ञापत्र मला लिहिता येतं, तिला विचार माझ्याकडे फोटो पाठवलेले चालतील का, आधी विचार.